तुरुमतीपुढचं प्रश्नचिन्ह

"मृत्यू हेच या जगातलं एकमेव निखळ सत्य आहे," गुरुजी नदीकडे हात करून म्हणाले. घाटावरची चाळीसेक माणसं एकदम गंभीर झाली. गुरुजींनी तो गंभीरपणा दोन क्षण मुरू दिला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "ती निळी स्कूटर तुमची का? तेवढी बाजूला घ्या. मागं दुसऱ्या दहाव्याचा टेम्पो अडकलाय."

मी उठून स्कूटर बाजूला घेतली. टेम्पोवाल्यानं आभार मानले. मीही त्याचे मानले. कशाबद्दल ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

याला आता नऊ वर्षं झाली. बोंद्रे सरांचा दहावा होता. रघुनाथ बोंद्रे आमच्या गावच्या हायस्कूलात चित्रकला शिकवायचे आणि रविवारी माझ्याबरोबर माळावर पाखरं बघत हिंडायचे. बावीस वर्षं हा क्रम चालला. मी जिल्ह्याच्या दैनिकात 'तिरकी मान' नावाचं विनोदी सदर लिहीत असे. त्यामुळे गावात मला मान होता, पण माझ्या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता. मी एखाद्याला "बरा आहेस ना?" असं विचारलं, तरी तो आधी मागं वळून बघायचा.

दहा दिवसांत मला रडू आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की ओठ जागेवर असतो पण आपला नसतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मी वेळेवर जेवत होतो आणि झोप उत्तम लागत होती. घाटावर येतानासुद्धा पेट्रोल भरून घ्यायचं माझ्या नीट ध्यानात राहिलं होतं.

पिंड मांडून झाले होते. हेमंतनं, म्हणजे बोंद्रेंच्या मुलानं, नुकतंच मुंडण केलेलं डोकं खाली घालून नमस्कार केला आणि सगळे दहा पावलं मागं सरले. आता कावळा यायचा आणि पिंडाला शिवायचा. म्हणजे गेलेल्याची काही इच्छा मागं राहिली नाही असं समजायचं, आणि माणसं नाश्त्याला मोकळी.

कावळा आला नाही.

पंधरा मिनिटं झाली. पिंड नदीकाठच्या मोठ्या पिंपळाखाली होते. माघ संपत आला होता आणि पिंपळाची पानगळ चालू होती. दर अर्ध्या मिनिटाला एक पान पत्रावळीवर पडायचं आणि हेमंत ते वाकून उचलायचा.

"आजकाल असंच होतंय," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "गेले पंधरा दिवस या घाटावर एक कावळा धड शिवला नाही. हल्ली माणसं समाधानानं मरतच नाहीत. परवा एकाच्या भावांनी उभ्या उभ्या दोन मुलींची लग्नं ठरवली, तरी नाही."

"मग काय केलंत?" कुणीतरी विचारलं.

"दर्भाचा कावळा करून शिववला. शास्त्रात सोय आहे." त्यांनी पिशवीतून दर्भाची जुडी अर्धी वर काढली. "करायचा का? मागं आणखी एक पार्टी थांबलीय."

"गवताचा?" ताराक्का ताडकन् म्हणाली. ताराक्का म्हणजे बोंद्रेंची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठराचा. "माझ्या भावाला गवताचा कावळा? गावाला काय तोंड दाखवू? काहीतरी राहिलंय त्याचं. घरातच काहीतरी राहिलं असणार."

'घरात' म्हणताना तिनं इंदूवहिनींकडे बघितलं. बोंद्रेंच्या पत्नी बायकांच्या घोळक्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पांढऱ्यावर बारीक निळ्या फुलांचं लुगडं होतं आणि हात मांडीवर होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दहा वर्षं माझ्या भावाच्या तोंडात गोड गेलं नाही," ताराक्का नदीला सांगितल्यासारखं म्हणाली. "साखर, साखर करून नुसता कडू भोपळा घातला हिनं. जीव अडकणार नाही तर काय होईल?" मग ती पुढं झाली आणि पिंडांपुढं हात जोडून म्हणाली, "रघू, मी तुझ्या नावानं दरवर्षी पुरणपोळी करीन. तुपात बुडवून. ये बाबा."

सगळ्यांनी पिंपळाकडे आशेनं बघितलं. एक पान पडलं.

मग हेमंत पुढं झाला. तो इंदूरला एका कारखान्यात नोकरीला होता. त्याचा आवाज फुटत होता. "बाबा, आईची काळजी करू नका. मी तिला इंदूरला घेऊन जातो. घर बंद करून टाकतो. तिला इथं एकटी ठेवणार नाही."

आता मात्र इंदूवहिनींनी मान वर केली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका विधवेला, नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवू नये म्हणून श्वास धरून बसलेलं पाहिलं. कारण आत्ता कावळा आला असता तर ती त्या मृतात्म्याची आज्ञाच ठरली असती. मग इंदूरचं तिकीट कुणाच्या बापाला चुकवता आलं नसतं.

कावळा आला नाही. वहिनींनी हळूच श्वास सोडला.

"त्याला पटलेलं नाही," ताराक्का म्हणाली. "आणखी काहीतरी आहे. शेवटी काय बोलणं झालं होतं तुमचं दोघांचं? भांडलीस का तू त्याच्याशी?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग तो का येत नाही?"

चाळीस माणसं आता पिंपळाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती. गावात अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत पाणवठ्यापासून पोस्टापर्यंत एकच विषय झाला असता, की बोंद्रे सर बायकोवर नाराज होऊन गेले.

"मित्राला विचारा की," मागून एक जण म्हणाला. "खासनीससाहेब आहेत ना. बावीस वर्षं बरोबर हिंडले. त्यांना माहीत असेल."

मला पुढं ढकलण्यात आलं. मी पिंडांपुढं उभा राहिलो. शेजारी दुधाची स्टीलची वाटी होती. तिच्यात एक मुंगी पोहत होती. मी हात जोडले.

मला माहीत होतं काय राहिलं होतं ते.

आमचं अकरा जणांचं पक्षिमंडळ होतं आणि मी त्याचा नोंद-चिटणीस. माझ्याकडे एक जाड नोंदवही होती. तारीख, ठिकाण, पक्षी, संख्या, पाहणारा, साक्षीदार असे तिचे रकाने. तालुक्यात पूर्वी कधी न दिसलेला पक्षी कुणी पाहिला, तर दुसऱ्या कुणाची साक्ष लागायची. ती नसेल तर नोंदीपुढं लाल शाईनं प्रश्नचिन्ह. एकदा गावातल्या एका डॉक्टर नवराबायकोनं त्यांच्या पाण्याच्या टाकीवर राजहंस पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. तेव्हा मी मुद्दाम सातवा नियम लिहिला: 'पती अथवा पत्नीची साक्ष धरली जाणार नाही.' मंडळ पोट धरून हसलं आणि नियम एकमतानं मंजूर झाला.

पुढच्याच वर्षी बोंद्रेंनी भैरोबाच्या माळावर तुरुमती पाहिली. तुरुमती म्हणजे ससाण्याची एक जात. पारव्याएवढी, विटकरी डोक्याची. पूर्वी म्हणे गावोगाव दिसायची. आमच्या तालुक्यात मात्र कुणा हयात माणसानं ती पाहिलेली नव्हती. बोंद्रे सायकल हाणत थेट माझ्या दारात आले. आठवणीतून काढलेलं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं.

"साक्षीदार?" मी विचारलं.

ते थोडे घुटमळले. मग म्हणाले, "नाही."

मी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. जरा मोठंच काढलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रविवारचं सदर द्यायचं होतं आणि विषय सुचत नव्हता. 'आमच्या गावातील एका कलाशिक्षकास विटकरी टोपी घातलेले पारवे दिसले,' अशी सुरुवात करून मी दोन रकाने हाणले. गाव हसलं. वर्गात पोरं फळ्यावर टोपी घातलेले पारवे काढायला लागली. बोंद्रे कात्रण घेऊन माझ्याकडे आले. शांतपणे म्हणाले, "टोपी नव्हे. रंग मानेपर्यंत आहे. दुरुस्ती छापा."

मी दुरुस्ती छापली नाही. त्यानंतर बारा वर्षं दर रविवारी आम्ही बरोबर हिंडलो आणि त्यांनी तो विषय काढला नाही. काढला तो एकदम दवाखान्यात. नाकात नळी होती. म्हणाले, "खासनीस, ते प्रश्नचिन्ह आहे का अजून?"

"आहे," मी म्हटलं. "साक्षीदार आणा, खोडतो."

ते हसले. हसताना खोकल्याची उबळ आली, आणि नर्सनं मला बाहेर काढलं. ते आमचं शेवटचं बोलणं.

तर मी हात जोडून उभा होतो. 'खोडतो' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मोठ्यानं म्हणायचीही गरज नव्हती. पण तो काही केल्या येईना. पिंडांकडे बघवेना म्हणून मी वर बघितलं.

वर, पिंपळाच्या शेंड्याला, वाळलेल्या फांदीवर तुरुमती बसली होती.

मी डोळे मिटून उघडले. बसलेली होतीच. माझ्या खांद्याच्या शबनममध्ये छोटी दुर्बीण कायम असते. हात आपोआप आत गेला. विटकरी डोकं, विटकरी मान. पाठ निळसर राखी. पोटावर बारीक काळ्या आडव्या रेघा. शेपटीच्या टोकाला रुंद काळा पट्टा. बोंद्रेंच्या चित्रातल्या त्या पट्ट्याला मी 'शाई सांडली वाटतं' म्हटलं होतं. आणि रंग मानेपर्यंत होता. टोपी नव्हतीच.

तिच्याखाली दोन हात अंतरावर, बेचक्यात, कावळ्यांचं एक जुनं घरटं होतं. त्यातून शेपटीचं एक टोक बाहेर आलं होतं. दुसरी आत बसलेली होती. तुरुमती स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याचं सोडलेलं घेते. आणि एकदा घेतलं, की त्या झाडाच्या आसपास एकाही कावळ्याला फिरकू देत नाही.

नदीकाठानं शे-सव्वाशे पावलांवर एक बाभळ होती. तिच्यावर पंधरा-वीस कावळे बसून आमच्याकडे बघत होते. एक धीर करून निघाला. निम्म्या वाटेवर आला आणि पिंपळावरून विटकरी डोक्याचा बाण सुटला. की-की-की असा चिरका आवाज झाला, कावळा हवेतच कोलांटी खाऊन माघारी गेला आणि तुरुमती पुन्हा आपल्या फांदीवर येऊन बसली. फार तर चार सेकंद लागले असतील. चाळीस माणसांपैकी कुणीही बघितलं नाही. ती सगळी पिंडांकडे बघत होती. म्हणजे पिंडांकडे आणि माझ्याकडे.

"दुर्बीण लावून बघतोय बघा!" ताराक्का म्हणाली. "दहाव्याला!"

जन्मभर ज्यासाठी पायपीट करावी असा पक्षी डोक्यावर बसला होता. मला काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. पाहिलं, ओळखलं, दुर्बीण खाली केली. मुंगी अजून दुधात पोहत होती.

"कावळा येणार नाही," मी म्हटलं. "वर तुरुमती आहे. ससाण्याची जात. जोडीनं घरटं केलंय. ती कावळ्यांना हाकलतेय. पंधरा दिवस हेच चाललं असणार. बोंद्रेंचा किंवा कुणाचाच यात काही संबंध नाही."

मग मागच्या बाजूला कुणीतरी नाकातून फस्कन् हसलं. दोघंतिघं खोकल्यासारखं करून तोंड फिरवून हसले. गुरुजींनीही वर बघितलं. पण त्यांचा चष्मा वाचायचा होता.

"घार असेल," ते म्हणाले.

"घार नाही. तुरुमती."

हेमंत माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "काका," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही बाबांवर आयुष्यभर विनोद केलात. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. आज नको. आज तरी तो पक्षी नको."

मी दुर्बीण पुढं केली. "बघ ना."

"काका, प्लीज."

मी दुर्बीण पिशवीत ठेवली. मी खरं बोलत होतो, पक्षी वीस हात वर बसला होता, आणि माझ्याकडे साक्षीदार नव्हता. बोंद्रे त्या दिवशी माझ्या टेबलापाशी कसे उभे राहिले असतील, ते मला बारा वर्षांनी नीट दिसलं. तेही मला फक्त दिसलं.

"करू या दर्भाचा," गुरुजी जुडी सोडायला लागले.

"बघ इंदू," ताराक्का म्हणाली, "काय वेळ आणलीस."

वहिनी बसल्या जागी अजून थोड्या लहान झाल्या.

तेव्हा मी खोटं बोललो. सव्वीस वर्षं लेखणीनं खोटं बोलायची सवय होती, तोंडानं तितकीशी नव्हती. पण जमलं.

"थांबा," मी म्हटलं. "माझ्या लक्षात आलं. ती बाभळ बघा. बोंद्रे रोज संध्याकाळी त्या बाभळीखाली येऊन बसायचे. मला म्हणायचे, खासनीस, माझा जीव या जागेत आहे. मी गेलो तरी इथंच असेन."

कुणीही हसलं नाही. ताराक्कानं पदर तोंडाला लावला. "लहानपणापासून त्याला बाभळीचं वेड होतं," ती म्हणाली. हेसुद्धा त्याच क्षणी जन्माला आलेलं होतं.

"स्थान बदललं तर चालेल का?" हेमंतनं विचारलं.

गुरुजींनी मागं थांबलेल्या टेम्पोकडे बघितलं. "भाव महत्त्वाचा," ते म्हणाले.

हेमंतनं पत्रावळ उचलली. एकानं दुधाची वाटी घेतली. सगळी मिरवणूक नदीकाठानं बाभळीकडे निघाली. मी शेवटी होतो. पत्रावळ जमिनीला टेकून हेमंत उभा राहायच्या आत एक कावळा त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावरूनच खाली उतरला. मागोमाग तीन आले, मग पाच. ताराक्कानं हंबरडा फोडला. हेमंत दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मघाशी नाकातून हसलेला माणूससुद्धा डोळे पुसत होता.

"त्याचा जीव इथंच होता हो!" ताराक्का म्हणाली.

"मग आईला इंदूरला कसं न्यायचं?" हेमंत हुंदक्यांतून म्हणाला. "बाबा इथं आणि आई तिकडं, हे त्यांना चाललंच नसतं. म्हणूनच आले नाहीत ते मघाशी."

"तेच," गुरुजी म्हणाले आणि पुढच्या पार्टीला हात केला.

माणसं पाय धुवायला नदीकडे गेली. मी पिंपळाखाली परत येऊन उभा राहिलो. तुरुमती शेंड्यावर बसून आपली पिसं साफ करत होती. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. इंदूवहिनी होत्या.

"भाऊजी, हे त्या बाभळीखाली कधीच बसले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"काट्यांचा राग होता त्यांना."

"हो."

त्यांनी हात पुढं केला. मला आधी कळलंच नाही. मग मी दुर्बीण दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि मधलं चाक दोन बोटांनी, न चाचपडता, नेमकं फिरवलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"आत मादी बसलीय," त्या म्हणाल्या. "हा बाहेर राखण करतोय. तेव्हाही जोडीच होती."

"तेव्हा?"

"भैरोबाच्या माळावर. खाणीपाशी." त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "मी डबा उघडत होते. थालीपिठं होती. समोर बघते तर दोघं मिळून एका चंडोलामागं लागलेली. एक वरून दाबायचा, दुसरी मागनं. मीच दाखवली ह्यांना. ह्यांना आधी पारवाच वाटला."

घाटावर कुणीतरी कळशी आपटली.

"तुम्ही होता बरोबर," मी शेवटी म्हटलं.

"होते की."

"ते मला साक्षीदार नाही म्हणाले."

"मग काय म्हणणार? तुमचा सातवा नियम. मी म्हटलं, माझं नाव घेऊ नका, भाऊजी त्याच्यावरही लिहितील."

"तुम्ही बारा वर्षांत कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. डाळ किती शिजली ते सांगावं, तशा त्या म्हणाल्या. मी पिशवीतून छोटी वही काढली. तारीख घातली. घाट, पिंपळ, तुरुमती, एक जोडी, घरटं. पाहणारा म्हणून माझं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"माझं लिहा," वहिनी म्हणाल्या. "आणि घरची मोठी वही पण घेऊन या तेराव्यानंतर. ह्यांच्या नोंदीवर सही करते मी."

"तिथं..." मी म्हटलं. "तिथं सातवा नियम..."

"तो पत्नीला आहे ना?" त्यांनी दुर्बीण माझ्या हातात परत दिली. "मी आता कुणाची पत्नी नाही."

मला वाटलं, आता काहीतरी फुटेल. छातीत कुठंतरी एक जागा हललीही. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो ते मला आजही ठाऊक नाही, कारण वहिनी तेवढ्यात बाभळीकडे बघत म्हणाल्या,

"आणि भाऊजी, ती दुधाची स्टीलची वाटी आमची आहे, सहांतली. ताराक्का ती तिथंच सोडून देईल. कावळे उठले की तेवढी आणून द्या."